मीटिंग पुढे गेली, की पुढे आली?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात :

वय 36. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजीशी ओळख पाचवीत. सध्या पुण्यातल्या एका कंपनीत प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर. लंडनच्या क्लायंटशी रोज मेलवर काम. जूनमध्ये साहेबांनी जाता जाता सांगितलं, ‘बुधवारची मीटिंग दोन दिवस पुढे ढकललीय, तिकडे कळवून टाका.’ यांनी लिहिलं, ‘द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज.’ लंडनची चार माणसं सोमवारी त्यांच्या सकाळी दहाला लॉगइन करून बसली. इथे दुपारचे अडीच वाजले होते आणि मीटिंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. साहेब सगळ्यांसमोर हसले. पुढच्या वेळी यांनी शब्दकोश बघून ‘प्लीज पुट ऑफ इट टिल मंडे’ असं लिहिलं, तर एका सहकाऱ्याने तेच वाक्य लाल रंगात दुरुस्त करून, हसऱ्या चेहऱ्यासकट टीमच्या ग्रुपवर टाकलं. तेव्हापासून त्या प्रत्येक मेल तीन-तीनदा वाचतात आणि आपल्या वाट्याचं प्रेझेंटेशन गेले तीन महिने दुसऱ्यांवर ढकलतायत. तीस दिवसांत एक हजार फ्रेझल व्हर्ब (म्हणजे ‘पुट ऑफ’सारखी, छोटा शब्द जोडलेली क्रियापदं) शिकवणारा एक कोर्स त्यांनी पाहून ठेवलाय. त्यांचा प्रश्न : ‘पैसे भरू का? की या वयात हे जमणारच नाही आणि मराठी माध्यमाचा शिक्का असाच राहणार?’

प्रिय मैत्रीण,

पत्र वाचताना मला हसू आलं, ते तुम्हाला नव्हे. तुमच्या त्या ‘पुट ऑफ’ने माझाही एकदा चांगलाच मामा केलाय, ते आठवलं.

मी तेव्हा कॉलेजात नवीनच शिकवायला लागले होते. इंग्रजी शिकवायला, हे लक्षात घ्या. वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला एक परदेशी प्राध्यापक येणार होते. त्यांचं पत्र आलं की आठ दिवस उशिराने पोचेन. झालं, कार्यक्रम लांबणीवर पडला. मी कॉलेजच्या लेटरहेडवर, टाइप करून, प्राचार्यांच्या सहीनिशी उत्तर पाठवलं : ‘वी हॅव बीन पुट ऑफ बाय युअर लेटर.’ मला म्हणायचं होतं, तुमच्या पत्रामुळे आमचं पुढे गेलं. गृहस्थ आले ते आल्या आल्या आपल्या पत्राच्या भाषेबद्दल माफी मागायला लागले. मी पोह्यांची बशी हातात घेऊन उभी. माफी कशाची, मला काही कळेना. कळलं दोन वर्षांनी. मी त्यांना लिहिलं होतं, ‘तुमचं पत्र वाचून आमचं मनच उडालं.’

तेव्हा या विषयात आपण एकाच बाकावरच्या. आता तुमच्या दोन चुका एकेक करून बघू, कारण त्या वेगळ्या जातीच्या आहेत आणि तुम्ही दोन्हींना एकच ‘माझं इंग्रजी कच्चं’ हे लेबल लावलंय.

पहिली चूक खरं तर इंग्रजीची नाहीच. ती ‘पुढे’ या शब्दाची आहे. मराठीत काळाच्या बाबतीत पुढे म्हणजे नंतर. पुढचा आठवडा, पुढचं पुढे बघू, निवडणूक पुढे ढकलली. तुम्ही ‘पुढे’ला ‘फॉरवर्ड’ लावलंत आणि शब्द म्हणून ते बरोबरही आहे. पण रेशनच्या दुकानाची रांग डोळ्यासमोर आणा. एक म्हातारी मागे उभी आहे, लोक म्हणतात, आजींना पुढे आणा. आजी पुढे आल्या, म्हणजे त्यांचा नंबर आधी लागला. इथे आपल्या मराठीतसुद्धा ‘पुढे’ म्हणजे ‘लवकर’ झालं. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ ही ती रांगेतली म्हातारी आहे. मीटिंग रांगेत पुढे आली, म्हणजे बुधवारची सोमवारी झाली. लंडनवाल्यांनी तुमचं वाक्य अगदी बरोबर वाचलं.

गंमत क्रियापदातच आहे. आपण ढकलतो, ते आणतात. ढकललेली वस्तू आपल्यापासून लांब जाते, आणलेली आपल्याजवळ येते. ‘फॉरवर्ड’कडे बघून गोंधळ होत असेल, तर ‘ब्रिंग’कडे बघा. ब्रिंग म्हणजे आणणे. तारीख आपल्याकडे आणली, म्हणजे ती जवळ आली.

आणि हा गोंधळ फक्त सांगलीकरांचा आहे असं समजू नका. ‘ब्रिंग’च्या जागी ‘मूव्ह’ घातलं की जन्मजात इंग्रजी बोलणारेसुद्धा चक्रावतात. लेरा बोरोदित्स्की नावाच्या संशोधिकेने आणि इतरांनी यावर प्रयोग केलेत. प्रश्न साधा : ‘पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह्ड फॉरवर्ड झालीय, तर ती कधी?’ साधारण निम्मे म्हणतात सोमवारी, निम्मे म्हणतात शुक्रवारी. 2002 साली छापून आलेल्या एका प्रयोगात हाच प्रश्न विमानतळावर विचारला होता. तिथे नुकतेच विमानातून उतरलेले लोक ‘शुक्रवार’ जास्त म्हणाले. माणूस स्वतः पुढे सरकत आला असेल तर त्याला मीटिंगही पुढे सरकलेली वाटते. तुमची मीटिंगही बुधवारचीच आणि दोनच दिवसांची निघाली, याला योगायोग म्हणायचं.

म्हणून माझी पहिली सूचना व्याकरणाची नाहीच. तारीख बदलली की मेलमध्ये ‘पुढे’, ‘मागे’, ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’ यांतलं काहीही एकट्याने जाऊ द्यायचं नाही. जुना वार आणि तारीख, नवा वार आणि तारीख, आणि कुठली वेळ ते. ‘द मीटिंग प्लॅन्ड फॉर वेन्सडे, 11 जून, हॅज बीन पोस्टपोन्ड टु फ्रायडे, 13 जून, 10 एएम लंडन टाइम.’ एवढं लिहिलं की क्रियापद चुकलं तरी माणसं बरोबर दिवशी येतात. ‘लंडन टाइम’ हे शब्द गाळू नका. ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि तुमची अडीचची मीटिंग साडेतीनवर जाते, तेव्हा त्यांचा उपयोग कळेल. साहेबांनाही तिथल्या तिथे विचारून घ्यायचं, ‘म्हणजे शुक्रवार, तेरा तारीख ना?’ त्यांनी तरी जाता जाता ‘दोन दिवस पुढे’ का म्हणावं? शुक्रवार म्हणायला काही जास्त श्वास लागत नव्हता.

दुसरी चूक मात्र इंग्रजीची आहे. ती छोटी आहे आणि एकदा कानात बसली की परत होत नाही.

‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं. ‘पुट द मीटिंग ऑफ’ हेही चालतं. पण ‘मीटिंग’च्या जागी ‘इट’ आलं की त्याला मधेच बसावं लागतं : ‘पुट इट ऑफ.’ ‘पुट ऑफ इट’ नाही. ‘देम’, ‘हिम’, ‘हर’, ‘मी’, सगळ्यांना हाच नियम. का? मोठ्याने म्हणून बघा. इंग्रजी वाक्यात जोर साधारणपणे शेवटाकडे येतो. ‘इट’ हा अगदी हलका शब्द, त्याच्यावर जोर देता येत नाही. वाक्याच्या टोकाला त्याला ठेवलं तर फटाक्याची वात भिजल्यासारखं होतं. ‘ऑफ’वर मात्र दणकून जोर देता येतो, म्हणून तो टोकाला. ‘पुट इट ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’, ‘टर्न इट डाऊन’, ‘पिक इट अप’. चार वेळा टेबलावर बोट आपटत म्हणा, बोट आपोआप शेवटच्या शब्दावर पडेल.

सगळ्याच जोड्या अशा फोडता येत नाहीत, हे खरं. ‘लुक आफ्टर हर’ म्हणतात, ‘लुक हर आफ्टर’ म्हणत नाहीत. ‘पुट अप विथ इट’ तर तीन शब्दांची मोळी, ती बांधलेलीच राहते. कुठली सुटते नि कुठली नाही, हे पाठ करत बसायचं नाही. शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या कुठल्याही चांगल्या इंग्रजी शब्दकोशात ती नोंद उघडा आणि ‘समथिंग’ हा शब्द कुठे छापलाय ते बघा. ‘पुट समथिंग ऑफ’ असं मधे दिसलं की सुटते. ‘लुक आफ्टर समवन’ असं शेवटी दिसलं की सुटत नाही. मी पंचवीस वर्षं शिकवलं, पण ही खूण मला स्वतःला फार उशिरा दिसली. छापणाऱ्यांनी ती आपल्यासाठीच ठेवलेली असते आणि आपण अर्थ वाचून पान उलटतो.

आता त्या कोर्सकडे यायच्या आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं, ते बोलते. तुम्ही लिहिलंय, ‘एका क्रियापदाला एक शेपूट लावून अर्थ बदलतो, असली तऱ्हेवाईक भाषा आपल्या डोक्यात कशी बसणार?’ बाई, तुम्ही अशीच भाषा जन्मापासून बोलताय.

‘बोलणे’ घ्या. मी साहेबांशी बोलून घेतलं, म्हणजे विषय मार्गी लावला. बोलून टाकलं, म्हणजे एकदाचं मन मोकळं केलं. बोलून दाखवलं, म्हणजे मनात होतं ते तोंडावर आणलं. बोलून गेले, म्हणजे भान न राहता. आणि बोलून बसले, म्हणजे आता पस्तावतेय. यात कोणी कुठे बसलं नाही, कोणी काही टाकलं नाही, कोणी कुठे गेलं नाही. मराठी शिकणाऱ्या जर्मन बाईला हे समजावून बघा, ती रडकुंडीला येईल. तुमची आई तुम्हाला ‘आज आपण संयुक्त क्रियापदांची यादी पाठ करू’ म्हणाली होती का? ‘दूध पिऊन टाक’ म्हणाली, तुम्ही ते पिऊन टाकलंत, आणि ‘टाक’ कशासाठी असतं ते कळलं.

आपल्याकडे ‘लांबणीवर टाकणे’ आहेच की. टाकणे म्हणजे ‘पुट’, लांब म्हणजे ‘ऑफ’. यापेक्षा जवळचं नातं मागूनही मिळणार नाही. कार्यालयीन वाटणारा तो ‘पोस्टपोन’सुद्धा लॅटिनमधून आलेला, ‘नंतर’ आणि ‘ठेवणे’ या दोन शब्दांचा. तीन भाषांनी मीटिंगला एकच वागणूक दिलीय, उचलून पलीकडे ठेवलंय.

तरी ही चीज परक्याला जड जाते, हे इंग्रजांनीही कबूल केलंय. सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश 1755 साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत तो लिहितो की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची आमची जी पद्धत आहे, तिचाच परकीयांना सर्वांत जास्त त्रास होतो. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तर त्यानंतर बऱ्याच काळाने, 1925 साली लोगन पियरसॉल स्मिथच्या लिखाणातून रुळलं. म्हणजे लोक शतकानुशतकं नाव नसलेली गोष्ट सुखाने बोलत होते. तुम्हाला हे कठीण जातंय, तर पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या कोशकाराची त्यावर सही आहे.

‘पुट ऑफ’ एकदा नीट ओळखीचं करून घेऊ, मग बाकीच्यांना हात लावायची घाई नको. याला मराठीत एक शब्द पुरत नाही, किमान चार लागतात, आणि कुठला लावायचा ते समोर कोण आहे यावर ठरतं.

समोर मीटिंग, लग्न, परीक्षा, सामना असलं काही ठरलेलं असेल, तर लांबणीवर टाकणे. ‘दे पुट ऑफ द वेडिंग टिल डिसेंबर.’ समोर आपणच करायचं काम असेल, तर चालढकल. ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.’ इथे पुढचं क्रियापद ‘गोइंग’ असंच येतं, ‘टु गो’ नाही. ही चूक मुलं उत्तरपत्रिकेत हमखास करत. समोर माणूस असेल आणि आपण त्याला कटवत असू, तर टोलवणे. ‘ही पुट मी ऑफ विथ एक्स्क्यूजेस’, घरदुरुस्तीला पैसे घेऊन गेलेल्या मिस्त्रीसाठी हे वाक्य फार कामाचं. आणि समोर माणूस असून एखाद्या गोष्टीने त्याचं मन उडालं, शिसारी आली, उत्साह मावळला, तर तेही ‘पुट ऑफ’च. ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय द स्मेल, ड्राइड बोंबील टेस्ट्स ग्रेट.’ माझ्या पत्रात ‘वी’ होतं. आम्ही माणसं होतो, कार्यक्रम नव्हतो. ‘द प्रोग्रॅम हॅज बीन पुट ऑफ’ लिहिलं असतं तर त्या गृहस्थांचे पोहे सुखाने खाऊन झाले असते.

एक बारीक गोष्ट : ‘पुट’चा भूतकाळही ‘पुट’च. ‘पुटेड’ असं काही नसतं. हे तुम्हाला माहीत असेल, पण घाईत भलेभले घसरतात.

‘ऑफ’ म्हणजे नेहमी लांब, असा मात्र नियम करून टाकू नका. ‘सी ऑफ’, ‘ड्रॉप ऑफ’, ‘कट ऑफ’ इथपर्यंत तो चालतो. मग एक दिवस कोणीतरी म्हणतं, ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह’, आणि आपण समजतो की बंद पडला. अलार्म वाजला असतो. दिवे ‘वेंट ऑफ’ झाले तर मात्र गेले. दूध ‘वेंट ऑफ’ झालं तर नासलं. शेपटाला स्वतःचा अर्थ असतो, पण शेपूट नेहमी घरच्या कुत्र्याचंच निघेल असं नाही.

तुमच्या कामात याच्या शेजारचा ‘कॉल ऑफ’ जास्त जपून वापरा. त्याचा अर्थ रद्द. शेजारी राहतात म्हणून एकाच्या जागी दुसरा गेला, तर शुक्रवारी कोणीच येणार नाही. सोमवारी आलेली चार माणसं निदान आली तरी होती.

हजार फ्रेझल व्हर्बचा कोर्स? मी पैसे भरणार नाही. कोर्स वाईट असेल म्हणून नव्हे, मला तो ठाऊक नाही. पण यादीचा धर्मच असा असतो की ती ‘पुट ऑफ’, ‘पुट ऑन’, ‘पुट आऊट’, ‘पुट अप’ एका पानावर ओळीने उभे करते आणि दुसऱ्या दिवशी चौघांची तोंडं एकमेकांना चिकटतात. सासरच्या लग्नात एका दमात वीस चुलत नणंदांची ओळख करून देतात, तसं. संध्याकाळी एकीचंही नाव आठवत नाही. जी स्वयंपाकघरात भाकरी थापायला शेजारी बसली, तिचं मात्र जन्मभर विसरत नाही.

त्यापेक्षा तुमच्याकडे फुकटातला खजिना आहे, तो उघडा. तुमचा इनबॉक्स. लंडनच्या लोकांनी गेल्या दोन वर्षांत तुम्हाला पाठवलेले मेल. शोधाच्या चौकटीत ‘पुट ऑफ’ टाका, मग ‘पुश बॅक’ टाका. हाही तारीख पुढे नेण्याचाच, दिसतो मात्र उलटा. नंतर ‘ब्रिंग फॉरवर्ड’, ‘कॉल ऑफ’. ती माणसं कुठल्या प्रसंगी, कुणाला लिहिताना, मधे काय घालून हे वापरतात ते दिसेल. तुमच्याच प्रोजेक्टची नावं त्यात असतील. पुस्तकातला जॉन पीटरची मीटिंग पुढे ढकलतो, त्याच्याशी आपल्याला काय देणंघेणं? सापडलेली तीन वाक्यं वहीत उतरवा आणि त्याखाली स्वतःच्या आयुष्यातली तीन लिहा. गॅसवाल्याची, मुलाच्या दातांची, गावच्या जत्रेला जायचं राहिलं त्याची. एका आठवड्याला एक क्रियापद पुरे. वर्षाला पन्नास होतील आणि ती पन्नास तुमची असतील.

आणखी एक गैरसमज तुमच्या पत्रात दबा धरून बसलाय. फ्रेझल व्हर्ब जास्त वापरले की इंग्रजी चांगलं दिसतं, असा. मेलमध्ये ‘पोस्टपोन्ड’ लिहिलं तर कोणी तुम्हाला कमी लेखणार नाही. उलट क्लायंटला जाणाऱ्या कागदावर तो शब्द जास्त नेटका बसतो आणि त्याला दुसरा अर्थ नाही. ‘पुट ऑफ’ समजायला हवं, कारण समोरचा फोनवर तेच बोलणार. लिहायला हवंच असं नाही. जी चप्पल चावत नाही ती घालून लांब चालावं.

‘प्रीपोन’बद्दलही तुम्ही विचारलंय, म्हणजे ‘पोस्टपोन’च्या उलट, ठरल्यापेक्षा आधी घेणे. तो आपल्याकडचा रुळलेला शब्द आहे, ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, लाजायचं कारण नाही. पुणे-मुंबई-बंगळूरमध्ये खुशाल वापरा. लंडनच्या माणसाला तो कदाचित पहिल्यांदाच दिसेल, म्हणून तिकडे ‘ब्रॉट फॉरवर्ड टु मंडे’ लिहा. आता तर तुम्हाला त्याचा अर्थ जन्मभर विसरणं शक्य नाही.

मराठी माध्यमाबद्दल थोडं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. तुम्ही त्याच्या जरा आधीच्या, म्हणून पाचवीच्या. चार वर्षं उशीर झाला, कबूल. पण माझ्या वर्गात दोन्ही माध्यमांची मुलं यायची. ‘पुट ऑफ इट’ दोन्हीकडची लिहायची. फरक एवढाच की इंग्रजी माध्यमातला मुलगा चुकून पुढे बोलत राहायचा आणि मराठी माध्यमातली मुलगी चुकून गप्प बसायची. चूक सारखीच, पण त्याचं इंग्रजी बोलता बोलता सुधारायचं आणि हिचं राहून जायचं. तुम्ही तीन महिने नेमकं हेच करताय.

त्या लाल रंगवाल्या सहकाऱ्याचं काय करायचं? त्याने दुरुस्ती बरोबर केली, जागा चुकली. त्याला एकट्याला गाठून सांगा, ‘चूक दाखवलीस ते बरं केलंस, पुढच्या वेळी मला एकटीला पाठव.’ एवढंच. चिडून नाही आणि ओशाळूनही नाही. तो बहुतेक गडबडून सॉरी म्हणेल. नाही म्हणाला, तरी तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलेलं असेल. साहेबांच्या हसण्यावर माझ्याकडे औषध नाही. सोमवारची मोकळी मीटिंग ही सांगायला मजेशीर गोष्ट आहे, हे तुम्हालाही वर्षभराने पटेल. तीच तुम्ही स्वतः आधी सांगितलीत, तर साहेबांकडे सांगण्यासारखं काही उरणार नाही.

राहिलं प्रेझेंटेशन. त्यासाठी तुम्हाला हवं ते वाक्य वर येऊन गेलंय, फक्त डेंटिस्टच्या जागी दुसरं नाव घालायचंय. ‘आय हॅव बीन पुटिंग इट ऑफ फॉर थ्री मंथ्स.’ ‘इट’ मधे आहे, ‘पुटिंग’ला दोन टी आहेत, अर्थ चालढकल. साहेबांना उद्या हेच म्हणा, आणि त्याला जोडून, पुढचं प्रेझेंटेशन माझं. दिवस ठरला की मलाही कळवा. वार आणि तारीख, दोन्ही लिहून.